खडा सगळी कुलपे उघडतो, तर मग गोष्ट कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षिकेने नऊ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी जादूच्या साहसाची कादंबरी लिहिली आहे. ईशान नावाच्या मुलाला कोणतेही कुलूप उघडणारा खडा सापडतो आणि तो खडा घेऊन तो जादूगाराने बुरुजात कोंडलेल्या आपल्या बहिणीला, रेवाला, सोडवायला निघतो. वर्गात वाचून दाखवताना पहिली तीन प्रकरणे मुलांनी श्वास रोखून ऐकली, सहाव्या प्रकरणापासून चुळबूळ सुरू झाली आणि एका मुलीने विचारले, “खडा आहे ना त्याच्याकडे? मग तो बुरुजाचे दार का नाही उघडत?” बाईंना जाणून घ्यायचे आहे की जादू कमी करावी का, नियम किती आणि कसे सांगावेत, भीती किती दाखवावी, आणि अशा गोष्टींनी मुलांच्या मनात अंधश्रद्धा रुजते या पालकांच्या आक्षेपाला काय उत्तर द्यावे.

मी २२ वर्षे मुलांच्या कादंबऱ्यांचे संपादन करते आहे आणि त्यातली निम्म्याहून अधिक हस्तलिखिते जादूच्या साहसांचीच होती. तुम्ही पाठवलेली प्रकरणे मी दोनदा वाचली. त्या मुलीने तुमच्या कादंबरीचे जे निदान केले आहे, त्याहून नेमके निदान मला करता आले नसते. जादू कमी करू नका, कारण दोष जादूच्या प्रमाणात नसून तिच्याकडून तुम्ही जे काम करवून घेता त्यात आहे.

एक प्रयोग करून पाहा. हस्तलिखितात जिथे जिथे खडा वापरला आहे तिथे समासात खूण करा आणि त्या प्रसंगानंतर ईशान आधीपेक्षा अधिक अडकला असेल तर अधिकचे, अधिक मोकळा झाला असेल तर उण्याचे चिन्ह लिहा. मी हे तुमच्या पहिल्या नव्वद पानांवर केले. खडा १४ वेळा वापरला गेला आहे आणि चौदाही ठिकाणी उण्याचे चिन्ह आले. कोठाराचे दार अडले, खड्याने उघडले. फाटक अडले, खड्याने उघडले. पहारेकऱ्याने पेटीत नकाशा ठेवला, तीही उघडली. प्रत्येक प्रसंग सुटा वाचला तर छान आहे, परंतु मुलांच्या लक्षात चौथ्याच वेळी येते की आता काहीही अडले तरी खडा आहे, आणि जिथे काही अडूच शकत नाही तिथे पुढे काय होईल याची काळजी वाटण्याचे कारण उरत नाही. पहिली तीन प्रकरणे त्यांना आवडली, कारण तोवर खडा काय करू शकतो हे ईशानला नीट ठाऊक नव्हते.

जादूने अडचण सोडवण्यापेक्षा अडचण निर्माण करावी, हे या साहित्यप्रकारातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे तत्त्व आहे आणि माझे पुढचे सगळे म्हणणे त्याभोवतीच फिरणार आहे. ई. नेस्बिट या इंग्रज लेखिकेने १९०२ साली लिहिलेल्या एका कादंबरीत वाळूत राहणारा एक चिडखोर प्राणी मुलांची रोज एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की तिचा प्रभाव संपतो. एवढ्या दोन अटींवर पूर्ण पुस्तक उभे आहे. मुले सुंदर दिसण्याची इच्छा करतात, तर घरची दाई त्यांना ओळखत नाही आणि घरात घेत नाही. सोन्याची नाणी मागतात, तर ती नाणी कोणी दुकानदार घेत नाही. पंख मागतात आणि चर्चच्या मनोऱ्यावर झोपी जातात, जाग येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो आणि खाली उतरायला पंख नसतात. प्रत्येक वेळी मागितले तेच मिळते आणि मिळाल्यामुळेच मुले फसतात.

आपल्या परंपरेत याहून सफाईदार उदाहरण आहे आणि ते आपण लहानपणापासून ऐकत आल्यामुळे त्याची रचना आपल्या डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा येतात. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचे आहे. बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. आणि प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. दोन साधे नियम आहेत, पण ते एकमेकांना असे अडकवले आहेत की राजा जितका शहाणा, तितकी त्याची खेप वाया जाणार. त्याचा सर्वांत मोठा गुणच त्याच्या वाटेतली धोंड होतो. आणि सुटका कशी होते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राजाला खरोखरच सापडत नाही. न बोलून तो नियम मोडत नाही आणि मस्तकही शाबूत राहते. बाहेरून कोणी देव धावून येत नाही. ज्या नियमाने राजाला कोंडले होते त्याच नियमात बाहेर पडण्याची फट होती आणि ती पहिल्या खेपेपासून वाचकासमोर होती. मुलांसाठी जादूची गोष्ट लिहिणाऱ्याने ही रचना एकदा कागदावर मांडून पाहावी, असे मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते.

आता तुमच्या खड्याकडे येऊ. लेखक बहुतेक वेळा नियम, मर्यादा आणि किंमत या तीन गोष्टींची सरमिसळ करतात. खडा टेकवला की कुलूप उघडते, हा नियम झाला. बुरुजाच्या कुलपावर तो चालत नाही, ही मर्यादा. प्रत्येक वापराबरोबर वापरणाऱ्याला काय गमवावे लागते, ती किंमत. तुमच्या कादंबरीत नियम स्पष्ट आहे आणि किंमत नाहीच. मर्यादा आहे, पण ती अकराव्या प्रकरणात जादूगाराच्या तोंडून कळते, म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाला तुमचे उत्तर तयार होते, पण ते तुम्ही फार उशिरा दिलेत. लेखकाला गरज पडली त्या क्षणी जन्मलेली मर्यादा मुले ताबडतोब ओळखतात आणि खेळात मध्येच नियम बदलणाऱ्या गड्यावर जशी चिडतात तशी चिडतात. ही माहिती दुसऱ्या प्रकरणात आणा. ईशानला निघण्याआधीच ठाऊक असू द्या की ज्या एका दारासाठी तो निघाला आहे, नेमके तेच दार या खड्याने उघडणार नाही. तरीही तो निघतो. त्याच्याविषयी मुलांना आपुलकी वाटायला तेवढे एक पाऊल पुरेसे आहे.

किमतीविषयी मी एक सूचना करते. ती तुम्ही स्वीकारलीच पाहिजे असे नाही, पण किंमत कथानकाला कशी ओढत नेते हे तिच्यावरून दिसेल. समजा, खडा एक कुलूप उघडतो तेव्हा खडा वापरणाऱ्याने सर्वांत शेवटी जे बंद केले असेल तेही त्याच क्षणी उघडते. पहिल्यांदा ईशान कोठार उघडतो आणि तिकडे माडीवर, नुकतीच लावलेली खिडकी उघडून पावसात रेवाची चित्रे भिजतात. त्याला वाटते, वाऱ्याने उघडली असेल. दुसऱ्यांदा तो फाटक उघडतो आणि ज्या जखमी पाखराला त्याने जपून पेटीत ठेवले होते त्या पेटीचे झाकण उघडते. आता त्याला संशय येतो. तिसऱ्यांदा त्याने शेवटचे बंद केलेले असते ते स्वतःचे तोंड, कारण एका मित्राला त्याने गुपित न फोडण्याचे वचन दिलेले असते; आणि खडा टेकवताच ते गुपित त्याच्या तोंडून, सगळ्यांदेखत, बाहेर पडते. वस्तू, मग जीव, मग शब्द. नियम तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र दर वेळी अधिक खोल गेला. एवढे झाल्यावर चौथ्या वेळी खडा बाहेर काढताना ईशानचा हात थबकेल, आणि तुमच्या वर्गातली मुलेही थबकतील, कारण आता तीही मनात मोजत असतील की त्याने शेवटचे काय बंद केले होते.

याच नियमातून शेवटही निघतो. बुरुजाच्या दारावर खडा चालत नाही, तेव्हा सरळ वाट बंद आहे. पण ईशान ते दार स्वतःच्या हाताने बंद करू शकतो. जादूगारापुढे हार मानल्यासारखे दाखवून तो बहिणीच्या कोठडीपर्यंत जातो आणि तिच्या डोळ्यांदेखत दार ओढून घेऊन कडी घालतो. रेवाला वाटते की भाऊ उलटला. मग तो अंगण ओलांडून जातो आणि कोणाचे लक्ष नसताना एका क्षुल्लक डबीच्या कुलपाला खडा टेकवतो. डबी उघडते, आणि अंगणापलीकडे बुरुजाचे दारही. ज्या किमतीने त्याला पुस्तकभर छळले तीच आता त्याच्या कामी येते, आणि ती कामी येते ती खड्याच्या सामर्थ्यामुळे नव्हे, तर त्याने नीट विचार केल्यामुळे. शिवाय रेवाच्या नजरेला नजर देत कडी घालण्याचा जो क्षण आहे, त्यासाठी कोणतीही जादू पुरत नाही. तिथे त्याचे धैर्यच लागते.

नियम सांगावेत कसे, हा तुमचा पुढचा प्रश्न. म्हाताऱ्या साधूने दोन पाने समजावून सांगण्याची पद्धत सोडून द्या. मुलांना नियम ऐकायला आवडत नाही, शोधून काढायला आवडते, आणि शोधण्यासाठी चुकणे भाग असते. माझा अनुभव असा की एक नियम साधारण तीन प्रसंगांत पक्का होतो: पहिल्यांदा तो अपघाताने घडतो, दुसऱ्यांदा पात्र मुद्दाम पडताळून पाहते, तिसऱ्यांदा परिणाम ठाऊक असूनही वापरते. या तिसऱ्या वापरापासून साहस खऱ्या अर्थाने सुरू होते, कारण तिथून पुढे जे घडेल त्याची जबाबदारी पात्राची असते.

तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला पहिल्या वापराचा परिच्छेद असा आहे:

“अचानक त्या खड्यातून एक दिव्य, अलौकिक तेज बाहेर पडले आणि क्षणार्धात ते प्रचंड कुलूप चमत्कारिकरीत्या उघडले. ईशान आश्चर्याने स्तिमित झाला.”

यात घडले ते फक्त कुलूप उघडण्याचे. उरलेले सगळे शब्द वाचकाला काय वाटावे याच्या सूचना आहेत. मी तो साधारण असा लिहीन:

“ईशानने खडा कुलपाला टेकवला. काही झाले नाही. त्याने तो पँटला पुसला आणि पुन्हा टेकवला. या वेळी कुलपाच्या आत काही तरी हलले, झोपेत कोणी कूस बदलावी तसे. मग खुट्ट. कडी लोंबू लागली. त्याच वेळी वर, माडीवरच्या खोलीत, खिडकीचे दार भिंतीवर आपटले. ती खिडकी त्यानेच लावली होती. आताच.”

दुसऱ्या परिच्छेदात तेज नाही, आश्चर्य हा शब्दही नाही, पण पहिला प्रयत्न फसला आहे, खडा पँटला पुसण्याची एक अगदी मुलासारखी कृती आहे आणि शेवटच्या दोन वाक्यांत एक धागा मोकळा सोडला आहे. जादू जितकी अद्भुत, तितके तिच्याभोवतीचे तपशील साधे आणि हाताला लागणारे हवेत. ‘अचानक’ हा शब्द तुमच्या पहिल्या सहा प्रकरणांत ४१ वेळा आला आहे. त्यातले बहुतेक काढून टाका. जे वाक्य खरोखर दचकवते त्याला ‘अचानक’ची गरज पडत नाही.

भाषेचे आणखी थोडे. मराठीत जादूचे लिहायला बसले की लेखणी आपोआप संस्कृतप्रचुर होते: मायामणी, दिव्यशक्ती, तिमिरासुर. असे शब्द मोठ्याने वाचताना नऊ वर्षांचे मूल अडखळते आणि अडखळले की गोष्टीतून बाहेर पडते. तुम्ही ‘खडा’ हा साधा शब्द निवडलात याचा मला फार आनंद झाला. तो रस्त्यावर पडलेला असू शकतो, खिशात मावतो, बुटात टोचू शकतो. तीच नजर जादूगाराच्या नावाकडेही वळवा. मराठीकडे नादशब्दांची जी श्रीमंती आहे ती अशा लेखनात मोकळ्या हाताने वापरावी, मात्र जागा पाहून: खुट्ट, करकर, सळसळ, डुबुक यांपैकी प्रत्येक शब्द एकेका विशेषणाचे काम अधिक कमी जागेत करतो. बोलणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा निर्णय आधीच घ्या. तुमचे घुबड तिसऱ्या प्रकरणात ईशानला ‘तू’ म्हणते आणि पाचव्यात ‘आपण’. हा बदल जाणीवपूर्वक केला असता तर तो त्यांच्या नात्यातला एक सुंदर टप्पा ठरला असता, पण नुसता निसटला असेल तर मुले गोंधळतात.

खडा ‘सापडतो’ याविषयीही एक विनंती आहे. व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शंभर रशियन अद्भुतकथा तपासून त्यांच्यात ३१ घटनाप्रकार ठरावीक क्रमाने येतात असे दाखवले. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग म्हणजे जादूची वस्तू देणारा दाता. तो वस्तू सहसा आधी देऊन टाकत नाही. आधी नायकाची परीक्षा होते, काम सांगितले जाते किंवा प्रश्न विचारला जातो, नायक त्याला कसा सामोरा जातो ते दिसते आणि मग वस्तू हाती येते. लोककथेला हे शेकडो वर्षांपूर्वी उमगले होते की आयती मिळालेली जादू नायकाविषयी काहीच सांगत नाही. ईशानला खडा ओढ्यात सापडण्याऐवजी तो कोणाकडून तरी मिळू द्या आणि तो मिळण्याआधी त्याने असे काही करू द्या ज्यातून तो कसा मुलगा आहे ते कळेल. प्रसंग लहान असला तरी चालेल, परीक्षा आहे हे त्याला न कळता झाली तर फारच उत्तम. प्रॉपचा क्रम साचा म्हणून मात्र वापरू नका. ३१ खुंट्यांवर गोष्ट टांगली की ती वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसते.

मोठ्या माणसांना वाटेतून दूर करणे ही या प्रकारातली जुनीच अडचण आहे आणि आईवडिलांना मारून टाकणे हा तिच्यावरचा सर्वांत आळशी उपाय. तुम्ही तसे केले नाहीत, पण आईला सबंध पुस्तकभर आजारी ठेवले आहे आणि ईशानला तिची आठवण चौथ्या प्रकरणानंतर एकदाही येत नाही, हे मुलांना खुपेल. मोठी माणसे जवळ असून त्यांना एखादी गोष्ट दिसत नाही, किंवा दिसत असून त्यांचा हात तिथवर पोहोचत नाही, ही स्थिती मुलांच्या ओळखीची असते. त्यातून येणारे एकटेपण खरे वाटते.

भीतीविषयी पालक आणि शिक्षक जितके चिंतेत असतात तितकी मुले नसतात. तरीही हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा. मुलांना भीती सोसते, असहायता सोसत नाही. अंधाऱ्या भुयारात ईशान असेल आणि त्याच्याकडे मोजायला पावले, चाचपायला भिंत, ऐकायला पाण्याचा आवाज असेल, तर वाचक त्याच्याबरोबर भुयाराच्या टोकापर्यंत जातो. तोच ईशान बांधून पडला असेल आणि पान-दीड पान केवळ त्याच्या वेदनेचे वर्णन असेल, तर संवेदनशील मूल पुस्तक मिटते आणि त्याचे ते बरोबरच असते. तुमच्या आठव्या प्रकरणात नेमके हे झाले आहे. प्रसंग काढू नका. त्याच्या हाताला काही तरी काम द्या, दोरीची गाठ किती पेडांची आहे हे बोटांनी मोजण्याइतके लहान असले तरी पुरे. आणि पुस्तकात कोणी मेले तर त्याच्यासाठी कोणाला तरी रडू द्या. पहारेकऱ्याचा कुत्रा दरीत पडतो आणि पुढच्याच ओळीत ईशान नकाशा उलगडतो. वर्गातली निम्मी मुले त्या क्षणी नकाशाकडे पाहत नसतील, दरीकडे पाहत असतील.

खलपात्राबद्दल मी अधिक आग्रहाने बोलणार आहे. तुमचा जादूगार कुबडा, काळाकुट्ट आणि एका डोळ्याने आंधळा आहे, आणि त्याची साथीदार केस पिंजारलेली एकटी म्हातारी. ही चित्रे जुन्या गोष्टींतून सहज हाताशी येतात, पण ती ऐकणाऱ्या वर्गात सावळे मूल असते, पाठीला बाक असलेले मूल असते, आणि एकट्या आजीबरोबर राहणारे मूलही असते. एकट्या, वृद्ध स्त्रीला चेटकीण ठरवून तिचा छळ करणे हे जगात अनेक ठिकाणी प्रत्यक्षात घडते. गोष्टीतल्या चेटकिणीवर माझा आक्षेप नाही, परंतु तिचा दुष्टपणा तिच्या रूपातून, वयातून किंवा एकटेपणातून येता कामा नये. तो तिच्या निर्णयांतून यावा. जादूगाराला काय हवे आहे, हे तुम्ही कुठेच सांगितलेले नाही. त्याने रेवाला का कोंडले? समजा, त्याच्यापाशीही पूर्वी तोच खडा होता आणि किंमत मोजता मोजता त्याचे सगळे उघडे पडले, म्हणून आता तो जगातले काहीच उघडे राहू देत नाही. मग तो ईशानच्या पुढच्या वाटेवरचा ईशानच होतो, आणि त्याला भयंकर करायला कुबडाची गरज राहत नाही.

आता अंधश्रद्धेचा आक्षेप. मी तो टाळत नाही, कारण तो काळजीपोटी येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला गोष्टीतली जादू आणि खऱ्या जगातला दावा यांतला फरक बहुधा चांगला कळतो. ते काठीचा घोडा करते, पण तिला पाणी पाजायला जात नाही. अंधश्रद्धा पोसणारा माणूस म्हणतो की हे खरे आहे, कारण विचारू नकोस, सांगतो तसे कर. चांगली जादूची गोष्ट उघडपणे सांगते की हे मी रचले आहे. शिवाय ती आपले नियम उलगडून दाखवते आणि वाचकाला ते पडताळायला लावते. खिडकी वाऱ्याने उघडली की खड्याने, हे तपासण्यासाठी ईशान मुद्दाम पेटी बंद करून पुन्हा खडा वापरतो, तेव्हा तो प्रयोगच करत असतो. लेखकाने एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: प्रत्यक्षात ज्या मंत्रतंत्रांच्या, अंगाऱ्यांच्या, उताऱ्यांच्या नावाने लोकांना घाबरवले किंवा लुबाडले जाते, ती साधने गोष्टीत खरी ठरवू नयेत. तुमच्या सातव्या प्रकरणात ताईत बांधल्याने ईशानचा ताप उतरतो. तो प्रसंग काढा. खड्याच्या जादूचे जग तुम्ही स्वतः घडवले आहे आणि त्याला तुम्ही उत्तरदायी आहात. ताईत बाहेरच्या जगातून आत आला आहे, आणि पुस्तक मिटल्यावर तो मुलाबरोबर बाहेरही जाईल.

लांबी आणि प्रकरणे यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मोठ्याने वाचायला दहा ते बारा मिनिटे लागतील एवढे प्रकरण या वयाला मानवते. तुमची प्रकरणे त्याच्या दुप्पट आहेत, ती मध्ये तोडा. प्रत्येक प्रकरण संकटातच तुटले पाहिजे असेही नाही. कधी कधी एखाद्या चमत्कारिक वस्तूवर किंवा अर्धवट कळलेल्या वाक्यावर थांबावे. सतत कड्यावर लोंबकळणाऱ्या नायकाची मुलांना सवय होते.

नवा खर्डा वर्गात वाचाल तेव्हा शेवटी “आवडली का?” असे विचारू नका, तुम्ही त्यांच्या बाई आहात, मुले होच म्हणतील. त्याऐवजी तिसऱ्या वापरानंतर पुस्तक मिटा आणि विचारा, “आता ईशानने काय करावे?” मुले निरनिराळी, पण नियमाच्या आत बसणारी उत्तरे देऊ लागली, तर नियम त्यांना कळला आहे आणि त्यांना पर्यायही दिसत आहेत. सगळ्यांनी एकच उत्तर दिले, तर वाट फारच सरळ आहे. कोणी म्हणाले की खडा काहीही करू शकतो, तर मर्यादा अजून पुसट आहे. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला तिच्या जवळ बसून हे वाचन करा आणि ती कुठे मध्येच बोलते त्या जागा टिपून ठेवा.

राहिले शेवटचे पान. सध्या ईशान जागा होतो आणि सगळे स्वप्न होते असे कळते. हे कृपा करून बदला. दीडशे पाने ज्याची काळजी केली ते घडलेच नव्हते असे मुलांना सांगणे म्हणजे त्यांनी लावलेला जीव परत करणे होय. त्यानंतर खरे बोलण्याचे महत्त्व सांगणारा जो परिच्छेद आहे, तोही गाळा. मित्राचे गुपित फुटले तेव्हा ईशानला जे सोसावे लागले ते मुलांनी पाहिलेले आहे. त्याऐवजी त्याला घरी येऊ द्या. रेवा आपली भिजलेली चित्रे वाळवते आहे, काही रंग एकमेकांत मिसळून गेले आहेत, आणि खडा ईशानच्या खिशात आहे. तो काय करतो हे तुम्हीच ठरवायचे आहे. मला विचाराल तर तो एका पेटीत खडा ठेवतो, झाकण लावतो, कुलूप घालतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की ज्या गोष्टीला तो आज शेवटचे बंद करतो आहे, ती उघडायची तर खडा बाहेर हवा, आणि खडा तर आत आहे. किल्ली तो रेवाच्या हातात देतो. ती ती घेते की नाही, तिथे मी पान संपवले असते.